प्रत्येक दुखण्याला थेट स्पेशालिस्ट? फॅमिली डॉक्टर कशासाठी हवा?

साकव:

गुडघा दुखला की हाडांचा डॉक्टर, छातीत जळजळलं की हृदयाचा, पुरळ आलं की त्वचेचा. फॅमिली डॉक्टर उरलाय तो सर्दी-तापापुरता आणि आजारपणाच्या दाखल्यापुरता. मला हे घातक वाटतं.

माझ्या नात्यातल्या एका वयस्कर बाईंना एका तज्ज्ञाने रक्तदाबासाठी रॅमिप्रिल दिलं होतं. पायांवर सूज येते म्हणून दुसऱ्याने लघवी वाढवणारी गोळी सुरू केली. गुडघ्यांसाठी तिसऱ्याने डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी. एकेक गोळी आपल्या जागी बरोबर. पण तिन्ही एकदम चालू राहिल्या तर मूत्रपिंडाला इजा होऊ शकते, उतारवयात तर जास्तच. ही गोष्ट कुठल्याही डॉक्टरला माहीत असते, पण तिघांपैकी कोणासमोरही पूर्ण यादी नव्हती. बाई भूक लागत नाही म्हणून जवळच्या दवाखान्यात गेल्या. तिथल्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला लावल्या, टेबलावर एकेक पाकीट मांडलं, डायक्लोफेनॅक उचलून बाजूला ठेवलं आणि म्हणाले, 'ही आजपासून बंद, आणि आजच रक्त तपासा.' क्रिएटिनिन वाढलेलं निघालं, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं होतं.

नॉर्वेत जवळजवळ प्रत्येकाच्या नावे एक ठरलेला डॉक्टर असतो. तिथल्या सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०२२ मध्ये छापून आला. एकाच डॉक्टरकडे १५ वर्षांहून जास्त काळ असलेल्यांमध्ये, वर्षभरापुरतीच ओळख असलेल्यांच्या तुलनेत, तातडीने इस्पितळात भरती व्हायची वेळ २८ टक्क्यांनी कमी आली आणि मृत्यूचं प्रमाण २५ टक्क्यांनी कमी होतं. एवढा फरक एखाद्या नव्या औषधाने पडला असता, तर सगळीकडे त्याचाच बोलबाला झाला असता.

उंबरठा:

असहमत. पंधरा वर्षं एकच डॉक्टर कोणाचा टिकतो? ज्याचं घर, नोकरी, संसार एका जागी स्थिर आहे त्याचा. अशा माणसाची तब्येत मुळातच बरी असू शकते. संशोधक असे फरक हिशेबात धरतात, पण सगळेच धरता येत नाहीत. दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणून एकीमुळेच दुसरी घडली असं होत नाही.

आणि जुन्या ओळखीचा तोटाही असतो. माझ्या मोठ्या भावाला वर्षानुवर्षं ॲसिडिटी. पोट दुखतंय म्हटलं की डॉक्टर फाईल न उघडताच जुनीच गोळी लिहायचे, कारण 'याचं नेहमीचंच आहे'. वजन उतरत होतं, शौच काळी होत होती, तरी तीच गोळी. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासणी केली तेव्हा रक्तस्राव होणारा अल्सर सापडला. पहिल्यांदाच भेटणाऱ्या माणसाने वजनाचं विचारलं, ओळखीच्याने नाही.

आधी फॅमिली डॉक्टर, मगच तज्ज्ञ, अशी सक्ती असलेल्या युरोपीय देशांत कर्करोगाच्या रुग्णांचं पहिल्या वर्षातलं जगण्याचं प्रमाण कमी दिसतं, हे डॅनिश संशोधकांनी २०११ मध्ये मांडलं होतं. दारावर राखणदार बसवला की आत जायला उशीर होणारच.

चांदणवेल:

उंबरठा, ती मांडणी देशादेशांच्या तुलनेवर होती. तुम्ही नॉर्वेच्या अभ्यासाला लावलेला आक्षेप तिलाही तितकाच लागू होतो.

मी साकवच्या बाजूने. खोकल्याचंच घ्या. अमेरिकेत २०१३ मध्ये लोकांना विचारलं, साधा खोकला झाला तर किती दिवस राहतो? उत्तर आलं सात ते नऊ दिवस. प्रत्यक्षात सरासरी जवळपास अठरा. म्हणजे दहाव्या दिवशी घाबरून माणूस अँटिबायोटिक मागतो, आणि खोकला विषाणूचा असेल तर त्याचा काहीच उपयोग नसतो. 'थांबा, आठवड्याने परत दाखवा' हे ज्याला आपली छाती वर्षानुवर्षं माहीत आहे तोच छातीठोकपणे सांगू शकतो. अनोळखी डॉक्टर एक्स-रे लिहून मोकळा होतो. मी त्याला दोष देत नाही, त्याच्याकडे आपली मागची काहीच माहिती नसते.

पाऊलवाट:

तुम्ही सगळे असं बोलताय जणू डॉक्टरकडे निवांत वेळ असतो. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या तपासणीच्या वेळेचा आढावा छापून आला होता. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगातली निम्मी लोकसंख्या अशा देशांत राहते जिथे डॉक्टर रुग्णाला पाच मिनिटं किंवा त्याहून कमी देतो. एवढ्यात बसून नाव सांगेपर्यंत पुढचा माणूस दारात उभा. तिथे कसली आलीय ओळख?

शिवाय एक गोष्ट कोणी काढलीच नाही. आई, बाबा, सासू, नवरा, सगळ्यांचा डॉक्टर एकच. मुलीला पाळी चुकल्याचं बोलायचंय, मुलाला दारूचं, सुनेला घरातल्या मारहाणीचं. कसं बोलणार? डॉक्टर गुप्तता पाळतीलही, पण बाहेर बाकावर ओळखीचीच माणसं बसलेली असतात. अशा वेळी लांबचा, अनोळखी दवाखानाच आधार वाटतो.

साकव:

पाऊलवाट, गुप्ततेचा मुद्दा मान्य. अशा बाबतीत वेगळा डॉक्टर जरूर गाठावा, त्यात काहीच गैर नाही. वेळेचं मात्र उलट आहे. पाच मिनिटंच मिळणार असतील, तर ती मागची शस्त्रक्रिया आणि पेनिसिलिनची ॲलर्जी सांगण्यात घालवायची का? ओळखीच्या डॉक्टरकडे ती आजच्या तक्रारीला मिळतात.

आणि एक स्पष्ट करतो. छातीत दाब येऊन घाम फुटला, तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, श्वास लागला, तर दवाखान्यात फोन करत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा. माझं म्हणणं आहे ते बाकीच्या, रोजच्या दुखण्यांबद्दल.

उंबरठा:

माझा भाऊ रोजच्या दुखण्यासाठीच जात होता. इंग्लंडमध्ये २०२५ पासून 'जेस रूल' आलाय: तीनदा येऊनही निदान होत नसेल किंवा त्रास वाढत असेल, तर डॉक्टरने नव्याने विचार करावा, गरज वाटल्यास दुसऱ्याचं मत घ्यावं किंवा तज्ज्ञाकडे पाठवावं. जिथे घराघराला ठरलेला डॉक्टर आहे, तिथे हे लिहून सांगावं लागलं. फॅमिली डॉक्टर असावा, पण तिसऱ्या खेपेला मी स्वतः चिठ्ठी मागणार, आणि नाही दिली तर चिठ्ठीशिवाय जाणार.

चांदणवेल:

जरूर मागा. फक्त तज्ज्ञाने जे लिहून दिलं ते परत फॅमिली डॉक्टरला दाखवा. साकवच्या नात्यातल्या बाईंच्या बाबतीत नेमकं तेच राहून गेलं होतं.