जळगावात वेस्टर्न चित्रपटांचं संगीत थेट वाद्यवृंदावर: २८ जणांत जमेल का?

खानदेशी_सूर
राम राम मंडळी. मोरिकोने आणि एल्मर बर्नस्टाइन यांच्या वेस्टर्न, म्हणजे काउबॉयपटांच्या, चित्रपटसंगीताचा तासाभराचा कार्यक्रम जळगावात करायचा आहे. ट्रॅक लावून त्यावर वाजवणं नको, सगळं मंचावरच वाजलं पाहिजे. माणसं अशी आहेत: लग्नाच्या बँडमधले ४ ट्रम्पेट, ४ क्लॅरिनेट, २ आल्टो सॅक्सोफोन, २ युफोनियम आणि १ सुझाफोन (दोन्ही खालच्या सुरांची पितळी वाद्यं), शिवाय ३ व्हायोलिन, इलेक्ट्रिक गिटार, बास, कीबोर्ड, ड्रम आणि ८ गायक. बँडवाल्यांपैकी बहुतेकांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) वाचता येत नाही, सरगम लिहून दिली की चोख वाजवतात.
यादी: 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'चं शीर्षकसंगीत, 'एक्स्टसी ऑफ गोल्ड', 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर', 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मधली हार्मोनिका, 'मॅग्निफिसंट सेव्हन' आणि 'द बिग कंट्री'. मागे पडद्यावर प्रसंग दाखवायचाही विचार आहे. तारवाद्यं इतकी कमी असताना हे पांगळं तर वाटणार नाही?

पांढरी_दोन
भाऊ, तुमच्याकडे सिंफनी ऑर्केस्ट्रा नाही, पण चांगला कॉन्सर्ट बँड, म्हणजे मुख्यतः फुंकवाद्यांचा ताफा, आहे. त्याच अंगाने लिहा. मोरिकोने स्वतः ट्रम्पेट शिकलेला माणूस, वडीलही ट्रम्पेटवादक. त्याचं संगीत फुंकवाद्यांवर उघडं पडत नाही.

'द बिग कंट्री' आधी यादीतून काढा. जेरोम मोरॉसच्या १९५८ च्या त्या सुरुवातीचा सगळा जीव व्हायोलिनच्या अखंड धावत्या सुरावटीत आहे. ती ३ व्हायोलिनवर पातळ होते आणि क्लॅरिनेटवर दिली तर श्वास घ्यायला जागाच उरत नाही. 'मॅग्निफिसंट सेव्हन' (१९६०) चालेल, कारण तिथे ठेक्याची उसळी महत्त्वाची. तो ठेका दोन्ही युफोनियम, सॅक्सोफोन आणि ड्रमला द्या आणि मुख्य धून ४ नव्हे, २ ट्रम्पेटला. चौघांनी एकदम वाजवली की मिरवणुकीचा बाज येतो.

आता सरगम. 'गुड, बॅड'ची धून डी मायनरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी दोन (पेटीवरची दुसरी पांढरी पट्टी). धुनेची ओळखीची हाक अशी: प सां प सां प, मग कोमल ग, म, सा. इथे हमखास घोळ होतो, कारण सगळ्यांना 'पांढरी दोन' सांगितलं तर प्रत्येक जातीच्या वाद्यातून वेगळाच सूर निघतो आणि वाद्यं एकमेकांना भिडतात. बी फ्लॅट ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटला स्वतःच्या वाद्यावर पांढरी तीन सा धरावा लागतो, ई फ्लॅट आल्टो सॅक्सोफोनला पांढरी सात. प्रत्येकाच्या कागदावर वरती मोठ्या अक्षरात त्याचा सा लिहा आणि खाली सरगम एकच ठेवा.

हीच हाक मूळ चित्रपटात तीन पात्रांसाठी तीन रंगांत येते: एकाला बासरीच्या जातीचा रेकॉर्डर, दुसऱ्याला मातीची ओकारिना, तिसऱ्याला माणसांचा आवाज. हे तीन रंग वेगळे ठेवले नाहीत तर धून ओळखू येते, पण गंमत जाते. रेकॉर्डरच्या जागी बासरी चालते, मात्र मींड (सुरावरून सुरावर घसरत जाणं) अजिबात नको, सूर सरळ कापून घ्यायचा. ओकारिनासाठी खर्जातली मोठी बासरी घ्या. तिसरा रंग तुमच्या गायकांतल्या पुरुषांना द्या.

'एक्स्टसी ऑफ गोल्ड' तुमच्या एका सोप्रानोवर, म्हणजे उंच पट्टीच्या गायिकेवर, अवलंबून आहे. मूळ आवाज एड्डा देल'ओर्सोचा, शब्द नाहीत, फक्त स्वर. गायिका तारसप्तकात मोकळी नसेल तर सगळ्यांचीच पट्टी दीड स्वर खाली आणा. ट्रम्पेटवर ती धून देऊ नका. आणि आधीच्या संथ सुरावटीसाठी सनई घ्यावीशी वाटेल, कारण ओबोसारखीच दुहेरी पत्ती. पण पाश्चात्त्य स्वरमेळात ती स्थिर ठेवणं फार अवघड, एक क्लॅरिनेट बरा.

कानाने बसवणार असाल तर एक सावधगिरी. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमचा, आपल्याकडच्या जुन्या पाल (PAL) पद्धतीच्या डीव्हीडी २५ च्या. त्यामुळे त्यातलं संगीत साधारण ४ टक्के वेगाने आणि अर्ध्या स्वराला थोडं कमी इतकं चढं वाजतं. डीव्हीडीवरून पट्टी ठरवू नका.

धुळे_ध्वनी
आवाजाचं सांगतो. ३ व्हायोलिनवर एक ट्रम्पेट सहज भारी पडतो. ट्रम्पेट सर्वात मागे आणि प्रेक्षकांकडे तोंड न करता तिरपे बसवा. व्हायोलिनला वरून लटकते माइक नकोत, त्यात ड्रमच जास्त येतो; प्रत्येक वाद्याला क्लिपचा माइक लावा. गिटारला ब्रिजकडचा पिकअप, स्प्रिंग रिव्हर्ब (ॲम्पमधली घुमारा देणारी सोय) आणि उजव्या तळव्याने तारा किंचित दाबून. डिस्टॉर्शन शून्य.

सूर मिळवताना कीबोर्ड ४४० हर्ट्झवर ठेवून बाकीच्यांनी त्याच्याकडे यायचं, कारण तो एकटाच हलत नाही. हवा १० अंशांनी तापली की फुंकवाद्यं अर्ध्या स्वराच्या पाव भागाच्या आसपास चढतात, तारा मात्र सैल पडून उतरतात. ट्रम्पेटची मुख्य स्लाइड १ सेंटीमीटर ओढली की नळी २ सेंटीमीटर वाढते आणि साधारण तेवढीच चढण भरून निघते. म्हणून १५ मिनिटं वाजवून वाद्यं गरम झाल्यावरच सूर लावा, थंड वाद्यावर लावलेला पहिल्या धुनेतच हलतो.

तारखेचं आधी ठरवा. तुळशीच्या लग्नापासून जूनपर्यंत बँडवाले लग्नसराईत असतात, तालमीला निम्मे येतील. आषाढ-श्रावणात बंद नाट्यगृह घ्या. दमट हवेत व्हायोलिनच्या खुंट्या फुगून अडकतात, त्यांना आधी कोरडा साबण किंवा पेन्सिलीचं शिसं घासून ठेवा. जनरेटरवर जावं लागलं तर गिटारच्या ॲम्पची अर्थिंग तपासा, नाहीतर सगळ्या शांत जागा घुमतील.

नियमांची_बाजू
पडदा विसरा, असा माझा स्पष्ट सल्ला. चित्रपट दाखवत थेट संगीत करायला संगीत वगळून फक्त संवाद आणि आवाज असलेली प्रत लागते. ती चित्रपटाचे हक्क असलेल्यांकडूनच मिळते, डीव्हीडीतून संगीत पुसता येत नाही. दाखवण्याची परवानगी वेगळी. शिवाय मग प्रत्येक वादकाच्या कानात क्लिक (लय दाखवणारी टकटक) लागेल, मिनिटाला ६० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याला बरोबर २४ फ्रेम.

संगीताचं म्हणाल तर हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे केलेल्या सादरीकरणाला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. तिकीट लावलंत तर आयपीआरएस या संगीतकार-गीतकारांच्या हक्कसंस्थेकडून परवाना घ्या. लक्षात ठेवा, नव्याने वाद्यरचना लिहिणं हे कायद्याने रूपांतर धरलं जातं आणि मोरिकोने २०२० मध्येच गेल्याने हक्क अजून दीर्घकाळ टिकणार. कॉन्सर्ट बँडसाठी छापील वाद्यरचना विकत मिळते. ती घेऊन त्यावरून सरगम उतरवणं त्यामानाने सुरक्षित.

खानदेशी_सूर
पडदा रद्द, 'बिग कंट्री' रद्द. आता या धुनांमधले शिट्टी, मोरचंग (दातांशी धरून वाजवायचं लोखंडी वाद्य), चाबूक, ऐरण हे आवाज कसे करावेत? कीबोर्डवरचे नमुने प्लास्टिकसारखे वाटतात.

पांढरी_दोन
कीबोर्डवर अजिबात करू नका, हे आवाज खरेच हवेत. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये वाजतो तो मोरचंगाचाच भाऊबंद, आपला राजस्थानी मोरचंग तिथे शोभून दिसतो. त्याचा सूर ठरलेला असतो, म्हणून धुनेच्या सा चाच विकत घ्या आणि माइक तोंडापासून ५ सेंटीमीटरवर. चाबकासाठी सुमारे ४० सेंटीमीटर लांब, ८ रुंद अशा दोन सागवानी फळ्या एका टोकाला बिजागरीने जोडा आणि फटकन मिटा. ऐरणीच्या ठोक्याला लोखंडी रुळाचा हातभर तुकडा दोरीने टांगून हातोडीने मारा, भुसावळच्या भंगारवाल्यांकडे विचारून बघा.

शिट्टीचा माइक ओठांसमोर नको, गालाच्या बाजूला ४५ अंशांत ठेवा, नाहीतर फुंकर आदळते. समोरच्या मॉनिटरमध्ये (वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) शिट्टी अगदी कमी द्या, तो सूर चटकन फीडबॅक घेतो, म्हणजे माइक किंचाळतो. हार्मोनिका मात्र १२ छिद्रांची क्रोमॅटिकच घ्या, तिच्या बटणामुळे त्या धुनेतले अर्धस्वर सहज मिळतात. वादकाने ती माइकसह ओंजळीत धरायची.

धुळे_ध्वनी
शिट्टीवाल्याला दोन धुनांमध्ये पाणी द्या आणि त्याचा तुकडा पहिल्या २० मिनिटांत घ्या. ओठ सुकले की वरचा सा लागत नाही.