मदत हवी आहे: पाइप बंडलची थप्पी लावताना ऑटोमॅटिक क्रेन तिसऱ्या थराला अडते

बे_नंबर_दोन
नमस्कार मंडळी. शिफ्ट डोक्यावर आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

आमच्याकडे बंडलांचं ऑटोमॅटिक गोदाम आहे. क्रेन स्वतःच बंडल उचलते, स्वतःच थप्पी लावते. हल्ली रोज बंद पडतेय. पहिले दोन थर झकास बसतात. तिसऱ्या थराला खाली येते, थांबते आणि "भार उतरला नाही" असा अलार्म देते. मग माणूस आत पाठवून रिमोटवर हाताने खाली घ्यायचं. हाताने घेतलं की तोच बंडल मुकाट्याने बसतो! कधी तिसरा थर निभावतो आणि चौथ्याला अडते. लोडसेल (हुकावरचं वजन मोजणारा सेन्सर) बदलून झाला. हॉइस्टचा (भार वर-खाली करणाऱ्या यंत्रणेचा) एन्कोडर, म्हणजे फिरण्यावरून उंची मोजणारा सेन्सर, तोही बदलून झाला. सिस्टिम बसवणारे म्हणतात तुमचे बंडल वेडेवाकडे आहेत, बंडल बांधणारे म्हणतात सिस्टिम बिघडली आहे.

काय तपासू? आणि कृपया "बसवणाऱ्यांना विचारा" हे उत्तर नको, विचारून थकलोय.

जुना_क्रेनवाला
अहो, क्रेन म्हणजे कुठली? रॅकमधली स्टॅकर, जमिनीवरच्या रुळांवरची गँट्री की वरच्या रुळांवरची ईओटी? उचलायला काय आहे, हूक, पट्टा की मॅग्नेट? लांबी किती, वजन किती? काहीच न सांगता काय तपासू म्हणताय.

बे_नंबर_दोन
ईओटी. स्प्रेडर बीमला (हॉइस्टला टांगलेल्या आडव्या बीमला) मोटरवर उघडमीट होणारे हूक आहेत, ते बंडलच्या खाली दोन्ही बाजूंनी शिरतात. पाइप ६ मीटरचे. जमिनीवर खांबांच्या मध्ये थप्पी लागते, दोन थरांच्या मध्ये लाकडी पॅकिंग. यात नवीन काय आहे, सगळीकडे असंच असतं.

लॅडर_लॉजिक
माझा अनुभव सांगतो. एन्कोडर चालत्या चाकाच्या शाफ्टवर असेल तर चाक घसरलं की आकडा खोटा होतो. ब्रेक मारला की थोडं घसरतं, दिवसभरात ती चूक साठत जाते. बाजूचं अंतर लेझरने मोजा, नाहीतर रुळाशेजारी बारकोडची पट्टी लावा. आमच्याकडे लेझर बसवल्यावर सगळं सुतासारखं सरळ झालं.

बे_नंबर_दोन
बाजूची जागा बरोबर आहे. बंडल खांबांच्या अगदी मधोमध उतरतो. अलार्म उंचीचा आहे.

लॅडर_लॉजिक
तरीही लेझर लावाच. आज ना उद्या लागणारच आहे.

जुना_क्रेनवाला
लॅडरभाऊ, त्यांचं पोट दुखतंय आणि तुम्ही चष्मा देताय. प्रश्न खालीवरचा आहे. हॉइस्टच्या ड्रमवर दोर एकाच थरात गुंडाळतो ना? दोरावर दोर चढत असेल तर ड्रमचा व्यास बदलतो आणि एन्कोडरचा हिशोब चुकतो.

बे_नंबर_दोन
खाचांचा ड्रम, एकच थर. रिकामा हूक जमिनीला टेकवून पाहिला, आकडा बरोबर येतो.

चुंबक
या सगळ्या कटकटीचं मूळ ते हूक आणि पॅकिंग आहे. इलेक्ट्रो-परमनंट मॅग्नेट घ्या, म्हणजे ज्याला वीज फक्त चालू-बंद करायला लागते. वरून चिकटवायचा, उचलायचं, ठेवायचं. हुकाला जागा लागत नाही म्हणून पॅकिंग नको, थप्पी बुटकी होते, वीज गेली तरी भार धरून राहतो.

जुना_क्रेनवाला
सुट्या पाइपच्या एका थराला मॅग्नेट उत्तम. बंडलला? मॅग्नेट धरतो वरची ओळ, तीसुद्धा गोल पाइपला एका रेघेवर टेकून. खालच्या सगळ्या ओळी लोंबकळतात त्या स्ट्रॅपिंगच्या पट्टीवर. ती पट्टी बंडल बांधायला आहे, उचलायला नाही. एक सील सुटलं तर खाली काय होईल ते सांगायला नको.

चुंबक
पट्ट्या नीट आवळल्या असतील तर काही होत नाही. आम्ही वर्षानुवर्षं उचलतोय.

जुना_क्रेनवाला
काही झालं नाही याचा अर्थ होणार नाही असा नव्हे. असो.

पांढरा_थर
एक महत्त्वाचा मुद्दा कोणीच मांडत नाहीये. गॅल्वनाइज्ड पाइप असतील तर बंडल ओले असताना थप्पी लावू नका. दोन पाइपांच्या फटीत पाणी अडकतं, हवा खेळत नाही आणि जस्तावर पांढरी भुकटी धरते. एका टोकाचं पॅकिंग थोडं जाड ठेवलं की पाणी उताराने निघून जातं.

बे_नंबर_दोन
पाइप काळे आहेत, तेल लावलेले. गॅल्वनाइज्ड नाहीत. आणि छपराखाली आहेत.

पांढरा_थर
तरी पुढे कधी गॅल्वनाइज्ड आले तर लक्षात असू द्या.

कॅसेटप्रेमी
मुळात थप्पी ही पद्धतच जुनाट आहे. तळातला बंडल हवा असला की वरचे तीन हलवा, मग परत ठेवा. क्रेनचा निम्मा वेळ या उलथापालथीत जातो. त्यापेक्षा कॅसेटचं गोदाम करा, प्रत्येक बंडलला वेगळा कप्पा, स्टॅकर क्रेन थेट तो कप्पा ओढून आणते. उंचीचा प्रश्नच निकालात.

जुना_क्रेनवाला
म्हणजे अलार्म येतो म्हणून गोदाम पाडून नवीन बांधायचं. ज्यांच्याकडे साइझ मोजक्या आणि एकेका साइझचा माल ढीगभर, त्यांना थप्पीच परवडते. एकाच साइझच्या थप्पीतून वरचा काढला काय आणि खालचा काढला काय.

कॅसेटप्रेमी
हीट नंबर (पोलादाच्या घाण्याचा क्रमांक) बघावा लागतो हो, "काय फरक पडतो" असं कसं चालेल? जुना माल आधी गेला पाहिजे.

ओळंबा
धागा भरकटण्याआधी मला चार गोष्टी विचारायच्या आहेत. पाइप गोल की चौकोनी? व्यास किती? एका बंडलमध्ये किती नग? आणि "हल्ली" म्हणजे कधीपासून, त्याच सुमारास काय बदललं?

बे_नंबर_दोन
गोल. ६०.३ मिमी बाहेरचा व्यास, जाडी ३.६५. ६१ नगांचे आणि ३७ नगांचे बंडल. बदललं काहीच नाही. आधी इथे चौकोनी ट्यूब ठेवायचो, ती लाइन दुसऱ्या बे मध्ये (शेडच्या दुसऱ्या भागात) गेली आणि गोल पाइप इथे आले. सिस्टिममध्ये नवीन साइझ भरली आहे, तीनदा तपासली आहे.

ओळंबा
"काहीच नाही" म्हणता म्हणता सगळंच सांगितलंत की. 🙂

आता हे सांगा: बंडल किती उंच आहे हे सिस्टिमला कसं कळतं? कोणी आकडा भरतं की ती स्वतः काढते?

बे_नंबर_दोन
स्वतः काढते. साइझ आणि ओळी भरायच्या. ओळी गुणिले साइझ, अधिक पॅकिंगचे ७५. चौकोनी ट्यूबला कधी एक मिलिमीटरचा फरक पडला नाही.

वजनदार
६१ नगांचा बंडल म्हणजे वजन किती ते काढलंत का? व्यासातून जाडी वजा करा, जाडीने गुणा, ०.०२४६६ ने गुणा, मीटरला किलो मिळतात. इथे ५.१ येतात. म्हणजे ६ मीटरचा पाइप ३०.६ किलो, बंडल साधारण १८६६ किलो. लोडसेलची क्षमता पुरेशी आहे ना?

बे_नंबर_दोन
पाच टनाची क्रेन आहे. वजन बरोबर दाखवते.

ओळंबा
वजन राहू द्या. तुमचा घोळ त्या गुणाकारात आहे.

चौकोनी ट्यूब एकावर एक सपाट बसते, म्हणून ओळी गुणिले साइझ बरोबर येतं. गोल पाइप खालच्या दोन पाइपांच्या खाचेत बसतो. त्यामुळे प्रत्येक पुढची ओळ पूर्ण व्यासाने वाढत नाही, व्यासाच्या ०.८६६ पटीने वाढते.

६१ चा षटकोनी बंडल म्हणजे ९ ओळी: ५, ६, ७, ८, ९, ८, ७, ६, ५. तुमची सिस्टिम धरते ९ × ६०.३ = ५४३ मिमी. खरी उंची आहे ६०.३ × (१ + ८ × ०.८६६) = ४७८ मिमी. एका बंडलला ६५ मिमीची तफावत.

पहिला थर जमिनीवर, चूक शून्य. दुसरा ६५ ने खाली. तिसरा १२९ ने खाली. सिस्टिमला वाटतं इथे टेकायला हवं होतं, प्रत्यक्षात बंडल अजून हवेत आहे, लोडसेलवर पूर्ण वजन आहे, म्हणून "भार उतरला नाही". अपेक्षित उंचीच्या खाली जायची मुभा किती ठेवली आहे? माझा अंदाज, १०० च्या आसपास.

बे_नंबर_दोन
१०० मिमी. बरोब्बर.

पण मग कधी तिसरा थर निभावतो, ते का?

ओळंबा
ते ३७ चे बंडल असणार. ७ ओळी: सिस्टिम धरते ४२२, खरी उंची ३७४. फरक ४८.५. तिसऱ्या थराला चूक होते ९७, म्हणजे १०० च्या आत, काठावर पास. चौथ्याला १४५, नापास. आणि लाकडी पॅकिंग चार मिमी दबलं की ३७ चा बंडलही तिसऱ्यालाच अडकेल.

टेप घेऊन मोजा, मग बोलू.

लॅडर_लॉजिक
+१. पण लेझर असता तर हे आधीच कळलं असतं.

बे_नंबर_दोन
मोजलं. तीन बंडल पाहिले, ६१ नगांचे. ४७९, ४७४, ४६८. सूत्र बदलायला सांगितलंय. तोपर्यंत मुभा १०० ची ३०० करून चालवू का? अलार्म तरी थांबेल.

जुना_क्रेनवाला
अजिबात नको. ती मुभा कशासाठी असते? कप्प्यात आधीच काही पडलंय का, हे कळायला. ४८.३ च्या १९ पाइपांचा छोटा बंडल धरा, उंची २१६ मिमी, पॅकिंग धरून २९१. ३०० ची मुभा दोन्हीकडे लागू झाली की असा विसरलेला बंडल आणि मोकळा कप्पा यात सिस्टिमला फरकच दिसणार नाही.

आणि माणूस आत पाठवता म्हणालात, तेव्हा ऑटो मोड कुलूप लावून बंद करता ना? दाराच्या इंटरलॉकला वळसा घालून कोणी आत जात असेल तर अलार्मचं नंतर बघा, आधी ते थांबवा.

बे_नंबर_दोन
दार उघडलं की ऑटो बंद होतं. चावी आत जाणाऱ्याच्या खिशात.

ओळंबा
नुसतं सूत्र बदलून भागणार नाही हेही बघा. तुमच्या मापांत ४७९ ते ४६८ असा फरक आहे. पट्टी सैल असली की षटकोन बसतो, रुंदी वाढते, उंची घटते, आणि वरचं वजन पडल्यावर अजून. म्हणून गणिताचा आकडा फक्त अंदाज म्हणून वापरायचा. अपेक्षित उंचीच्या थोडं वर वेग कमी करायचा, मग रांगत खाली यायचं, लोडसेलवरचा भार उतरला की थांबायचं, आणि *ती* उंची थप्पीच्या नकाशात नोंदवायची. पुढचा थर त्या नोंदीवरून.

लॅडर_लॉजिक
त्यापेक्षा स्प्रेडरवर स्कॅनर लावून वरचा माथा आधीच मोजा. लोडसेलची वाट कशाला बघायची?

ओळंबा
तेल लावलेले गोल पाइप, किरण कुठेही परततो. लागला तर लावा, पण टेकलं की नाही हे भारच सांगतो.

लॅडर_लॉजिक
चांगल्या स्कॅनरला तेलाने काही होत नाही. स्वस्तातले घेतले की असं होतं.

ओळंबा
बरं. बे_नंबर_दोन, याहून महत्त्वाचं: या पाइपांचा माल बाहेर काढायला सुरुवात झाली का?

बे_नंबर_दोन
अजून नाही. सगळा साठतोय. का?

ओळंबा
कारण आधी लावलेल्या सगळ्या थप्प्यांच्या उंचीच्या नोंदी चुकीच्या आहेत. काढताना हूक पॅकिंगच्या ७५ मिमीच्या फटीत शिरणार, आणि दुसऱ्या थरालाच नोंद ६५ ने वर आहे. म्हणजे हूक फटीत न जाता थेट पाइपांच्या कुशीत घुसेल. तिसऱ्या थराला तर बंडलच्या पोटात. सूत्र दुरुस्त केलं तरी जुन्या नोंदी आपोआप बदलतील असं धरू नका. प्रत्येक थप्पी मोजून नोंद नव्याने भरा, तोवर त्या रांगा ऑटोमधून वगळा.

बे_नंबर_दोन
बाप रे. हे कोणाच्याच ध्यानात नव्हतं. आजच रांगा बंद करतो.

एक शेवटचं विचारतो. ६१ आणि ३७ एकाच थप्पीत लावले तर चालतात का? सिस्टिम सध्या जागा दिसेल तिथे ठेवते.

चुंबक
मॅग्नेट असता तर कसंही ठेवता आलं असतं.

जुना_क्रेनवाला
चुंबकराव, ६१ चा बंडल खाली ५ पाइपांवर बसतो, म्हणजे ३०० मिमीवर, आणि पोटात ५४३ रुंद असतो. आधीच डुगडुगता आकार. तो ३७ च्या डोक्यावर, म्हणजे २४० मिमीच्या ओळीवर ठेवला की खांबावर रेटा येतो, मग तुमचा मॅग्नेट असो की हूक.

बे_नंबर_दोन, शक्यतो वेगळ्या थप्प्या. जागाच नसेल तर ६१ खाली, ३७ वर, कधीही उलट नाही, आणि हा नियम सिस्टिममध्ये घाला, ऑपरेटरच्या डोक्यात नको. पॅकिंग सगळ्या थरांत एकाखाली एक, एका उभ्या रेषेत. मागेपुढे झालं तर खालचे पाइप मध्येच वाकतात. आणि पट्टीचं सील पॅकिंगवर येऊ देऊ नका, बंडल एका अंगावर कलतो.

कॅसेटप्रेमी
कॅसेटला यातलं काहीच बघावं लागत नाही, एवढंच म्हणतो.

पांढरा_थर
पॅकिंगचं लाकूड ओलं नसावं. काळ्या पाइपलाही त्याचा डाग पडतो.

बे_नंबर_दोन
रांगा बंद केल्या. उद्या दिवसाच्या शिफ्टला थप्प्या मोजायला घेतो. सूत्र बदललं की चौथा थर लावून आकडे इथेच टाकतो.