विषय: जूनची सुट्टी, दगडांची वर्तुळं आणि न रमणारा नवरा

नमस्कार मंडळी,

जूनमध्ये आम्हा दोघांची आठवडाभराची सुट्टी एकदाची जुळून आली आहे. मी नागपूरची. शाळेत असताना बाबांनी नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं दाखवली, तेव्हापासून हे वेड आहे. तिथे सुमारे ३०० वर्तुळं आहेत, लोहयुगातल्या माणसांची दफनं. काही दगडांवर वाटीसारखे खळगे ओळीने कोरलेले आहेत, त्यांत बोट बरोबर बसतं. १९व्या शतकात रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने हे खळगे ब्रिटनमधल्या तशाच खळग्यांशी ताडून पाहिले होते. आता इतकी वर्षं ब्रिटनमध्ये राहून इथली वर्तुळं बघायची नाहीत, हे मला पटत नाही.

माझा बेत असा: तीन वर्तुळं. स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर रिंग ऑफ ब्रॉडगर, तिथून लुईस बेटावर कॅलनिश, परतीच्या वाटेवर उत्तर इंग्लंडमध्ये केझिकजवळचं कॅसलरिग. नवरा यायला नाही म्हणत नाही, पण "एक बघितलं की सगळी बघितली" हे त्याचं ठाम मत. तो मेकॅनिकल इंजिनिअर आहे, वाफेचं इंजिन दिसलं की जागचा हलत नाही. त्याला ओढत न्यायचं नाही आणि मला एकटीलाही जायचं नाही. कुणी असा प्रवास केला असेल तर सांगा.

– रेडिंगहून, नागपूरकर

---

अगं, आधी तो नकाशा मिटव. रेडिंगहून स्कॉटलंडच्या उत्तर टोकापर्यंत गाडी, पुढे दीड तास फेरी, मग दुसरी बेटं. ज्याला दगडांत रस नाही त्याच्या वाट्याला फक्त स्टिअरिंग येईल. ऑर्कनी सोडू नकोस, पण पहिल्याच खेपेला नको.

एव्हबरीला जा. तुझ्यापासून तासाभराच्या अंतरावर जगातलं सर्वांत मोठं शिळावर्तुळ आहे. मातीचा बांध बाहेरून सुमारे ४२० मीटर व्यासाचा. आत मोठं वर्तुळ, त्याच्या पोटात दोन लहान, आणि या सगळ्याच्या मधोमध गाव: घरं, डांबरी रस्ता, चरणाऱ्या मेंढ्या, रेड लायन नावाचा पब. दगडांना हात लावता येतो, टेकून बसता येतं. तू दोन तास एकेका दगडाभोवती फिर, तो पबच्या बाकावर बसून पेपर वाचेल. कुणी कुणासाठी खोळंबत नाही, हा एव्हबरीचा सगळ्यात मोठा गुण.

शिवाय तिथली गोष्ट दगड न आवडणाऱ्यालाही धरून ठेवते. १७व्या-१८व्या शतकात गावकऱ्यांनी हेच दगड आगीत तापवून, वर पाणी ओतून फोडले आणि घरांना वापरले. पुढे १९३०च्या दशकात मार्मलेडच्या धंद्यातल्या पैशावर अलेक्झांडर किलरने गाडलेले दगड शोधून पुन्हा उभे केले. जिथे दगड सापडला नाही तिथे काँक्रीटचे खुंट रोवले, ते अजून आहेत. १९३८ साली एका दगडाखाली माणसाचा सांगाडा मिळाला. जवळ कात्री आणि १४व्या शतकाच्या सुरुवातीची नाणी होती.

जवळच वेस्ट केनेटचं दफनस्थळ आहे, साधारण इ.स.पू. ३६५० मधलं. शेतातून थोडं चढून जायचं, वाकून आत शिरायचं. टॉर्च ने. वाटेत सिल्बरी हिल ही टेकडी दिसतेच. ती माणसांनी रचलेली आहे, हे त्याला सांग. त्याचा पहिला प्रश्न "माती आणली कशी?" हाच असेल बघ.

आता त्याच्या वाटणीचं. स्विंडनला ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या जुन्या कारखान्यात रेल्वे संग्रहालय आहे, एव्हबरीहून अर्ध्या तासावर. क्रॉफ्टनला १८१२चं बोल्टन अँड वॉट कंपनीचं बीम इंजिन (मोठ्या तुळईने पंप हलवणारं वाफेचं इंजिन) आजही कालव्यात पाणी उपसतं. मात्र ते ठरावीक दिवशीच वाफेवर चालतं, म्हणून त्या तारखा आधी बघ आणि सुट्टीचे दिवस त्याभोवती लाव. मुक्काम मार्लबरोला करा.

– स्विंडनची मावशी

---

मावशींच्या पत्राला जोड देतो. आमच्या घरात ही आवड बायकोची आहे, मी सोबत जाणारा.

सोबत जाणाऱ्याला कंटाळा दगडांचा येत नाही. "अजून एकच, इथून जवळच आहे" याचा येतो. म्हणून दिवसाला एकच जागा, आणि ती सकाळी. दुपारनंतर दगडांचा विषय काढायचा नाही. आणि त्याच्या इंजिनापाशी तुम्हीही पूर्ण वेळ थांबा, फोनमध्ये डोकं घालून नाही.

स्टोनहेंज भर दुपारी टाळा. साध्या तिकिटावर दोरीबाहेरूनच बघावं लागतं. पहाटे किंवा संध्याकाळी वर्तुळाच्या आत नेणारी वेगळी तिकिटं असतात, ती बरीच आधी काढावी लागतात. हात तेव्हाही लावता येत नाही. पण इंजिनिअरला न्यायचं तर तिथेच न्या. उभ्या दगडांच्या डोक्यावर उंचवटे ठेवलेत आणि आडव्या दगडांच्या पोटात त्याच मापाच्या खाचा आहेत. सुताराचा सांधा दगडात केलाय, तोही सुमारे २५ टनांच्या दगडांवर, साडेचार हजार वर्षांपूर्वी आणि धातूच्या हत्याराशिवाय. एका आडव्या पडलेल्या दगडावर ती खाच अगदी जवळून दिसते. मी तिथे बायकोपेक्षा जास्त वेळ उभा होतो.

डिव्हायझेसचा केन हिलही धरा. कालव्यावर २९ लॉक (पाण्याची पातळी बदलून बोटी वर-खाली नेणारे दरवाजांचे टप्पे), त्यांतले १६ टेकडीवर सरळ रेषेत. तो तिथे रमेल, तुम्हालाही चालायला छान वाट आहे.

– बाथहून

---

मावशी, दादा, मनापासून आभार.

काल रात्री दोन्ही पत्रं त्याला वाचून दाखवली. सिल्बरीपाशी त्याने मला थांबवलं आणि मावशी म्हणाल्या तोच प्रश्न विचारला! क्रॉफ्टनच्या तारखा आता तोच शोधतोय. आठवड्याऐवजी चारच दिवस बाहेर, बाकीचे घरी. एव्हबरीला मी दोन सकाळी मागून घेतल्या आहेत, त्यांवर तडजोड नाही. स्टोनहेंजची आतली तिकिटं जूनसाठी संपली आहेत, म्हणून ते सप्टेंबरवर टाकलं. कुणाला सोबत यायचं असेल तर याच धाग्यावर कळवा, एकत्रच काढू.

मावशी, मार्लबरोला शाकाहारी जेवण बरं कुठे मिळतं, तेवढं सांगा.

– रेडिंगहून, नागपूरकर