बारवेचा उपसा आणि नालीचा पाझर: मदत हवी आहे

परभणी जिल्ह्यातल्या एका जुन्या पायऱ्यांच्या बारवेची सफाई उन्हाळ्यात काढायची आहे. पाणी वर 30 बाय 30 फूट, तळाशी 15 बाय 15, खोली 12 फूट. म्हणजे गाळ धरून साधारण पावणेदोन लाख लिटर. वर हिरवा तवंग, खाली निर्माल्य, पॉलिथीन, पीओपीच्या मूर्ती.

पाच एचपीचा पंप हे एका दिवसात उपसेल, पण तेच नको. भिंतीमागची काळी माती पाणी धरून बसते. आतलं पाणी झपकन उतरलं की मागचा दाब दगडांना आत लोटतो. रोज एक फूट ठीक आहे का? जेसीबी काठावर आणायचा नाही, हे ठरलंय. झेंडूच्या माळांचे दोरे फूटव्हॉल्व्हमध्ये (पंपाच्या पाण्यातल्या नळीच्या टोकाची झडप) अडकतात, त्याला जाळीच्या टोपल्याशिवाय काही उपाय?

खरी अडचण गावातल्या नालीची. बारवेपासून दहा फुटांवरून जाते, आणि पूर्वेच्या भिंतीत चौथ्या पायरीशी काळा, ओशट पाझर दिसतो. नालीत रंग टाकून तो बारवेत येतो का याची खात्री करता येईल, पण काळ्या मातीत तो उतरायला किती दिवस लागतात? आणि नाली बंद पीव्हीसी पाइपात घेतली तर भेगाळणाऱ्या मातीत सांधे टिकतात का?

ब्लीचिंग पावडर सुचवू नका, आत कासवं आहेत. सांध्यांत सिमेंटही नको, चुनाच. पिंपळाची मुळं ओढून काढली तर दगड सोबत येतो. त्यावर वालूरसारख्या बारवांवर काम केलेल्यांनी सांगावं.