मदत हवी आहे: बहिणीने आयटीआय इलेक्ट्रिशियन केलंय, सोलरमध्ये ट्रेनिंग आणि काम कसं मिळवायचं?

नमस्कार मंडळी. जरा लांबलचक लिहितोय पण सगळं एकदाच सांगतो म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

माझी धाकटी बहीण, वय 21, धाराशिव जिल्ह्यात वाशी तालुक्यात गावी असते. दहावीनंतर सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेड केला, दोन वर्षांचा, एनसीव्हीटीचं, म्हणजे देशभर चालणारं, सर्टिफिकेट आहे, मार्क पण चांगले. पास होऊन वर्ष होत आलं, अजून घरीच आहे. बरोबरची पोरं चाकण-रांजणगावला गेली, ती कुठेकुठे कंपनीच्या असेंब्ली लाइनवर उभी आहेत, इलेक्ट्रिकचं काम फार कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. मी पण चाकणलाच असतो, हिला तिकडे आणता येईल, पण तिला सोलरमध्येच काम करायचंय आणि मला तिचं पटतं.

का पटतं ते सांगतो. आमच्या शेजारच्या काकांकडे मागेल त्याला सौर कृषी पंप या सरकारी योजनेतला 5 एचपीचा पंप आहे. तो मधूनच बंद पडायचा, परत सुरू व्हायचा. ही गेली, आधी कंट्रोलर बंद केला, डीसी आयसोलेटर (प्लेटांकडून येणारी वीज तोडायचा स्विच) पाडला आणि मग प्लेटांच्या मागून एकेक वायर बघत गेली तर एका ठिकाणी एमसी फोर कनेक्टर (प्लेटांच्या वायरी जोडायचा प्लग) वितळून काळा पडलेला. तिने त्याला हात नाही लावला, फोटो काढला आणि कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला पाठवला. तो आला आणि तेवढंच बदलून गेला, पंप चालू. आमच्या भागात आता जिकडे बघाल तिकडे असे पंप आहेत, घरांवर पण प्लेटा चढायला लागल्यात, मग ही शिकलेली पोरगी घरी का बसावी?

आता अडचण. समोर तीन रस्ते आहेत आणि कुठला धरायचा कळेना.

एक खाजगी क्लास आहे, नाव लिहीत नाही, ते सोलर टेक्निशियनच्या कोर्सचे 30 हजार मागतायत आणि "हमखास प्लेसमेंट" म्हणतायत. लेखी द्या म्हटलं तर नुसतं हसतात. दुसरं, सूर्यमित्र नावाचं सरकारी ट्रेनिंग फुकट असतं असं ऐकलंय, ते खरंच फुकट आहे का, मुलींची राहायची सोय असते का, आणि त्यानंतर काम मिळतं का? तिसरं, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेमधून एका सरकारी ऑफिसात जागा आहे, आयटीआयवाल्यांना महिना 8 हजार, पण काम सगळं कागदांचं आणि कॉम्प्युटरवर भरायचं. पैसे येतील पण हात गंजतील असं ती म्हणते.

आई तयार आहे. वडिलांना काळजी वाटते, पोरगी पत्र्यावर-स्लॅबवर चढणार, कुठल्या गावात कुणाबरोबर जाणार. त्यांची काळजी पण मला खोटी वाटत नाही. या लाइनीतल्या कुणी अनुभवाचं सांगितलं तर फार उपकार होतील.

जाता जाता, आमच्या जिल्ह्यात पवनचक्क्या पण खूप आहेत, तिथे आयटीआयवाल्या मुलींना घेतात का?

साइटवाला:
भाऊ, 30 हजार देऊ नका. पहिलं हे.

मी छत्रपती संभाजीनगर भागात रूफटॉप, म्हणजे छतावरचं सोलर, बसवतो, माझ्याकडे मुलं येतात क्लासचं सर्टिफिकेट घेऊन आणि क्रिम्पिंग टूल (कनेक्टर वायरीवर दाबून बसवायची पकड) उलटं धरतात. तुमच्या बहिणीने आधी आयसोलेटर पाडला हे वाचून खरंच बरं वाटलं. घरात येणाऱ्या एसी विजेचा करंट सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझायला वाव असतो, प्लेटांच्या डीसी विजेला तो वाव नाही, चालू लोडवर कनेक्टर ओढला की जाळ धरून राहतो. एकीला एक जोडलेल्या दहा प्लेटांची स्ट्रिंग म्हणजे पाचशे व्होल्टच्या आसपास, खेळ नाही. आणि ते कनेक्टर वितळतात त्याचं कारण बहुतेक वेळा एकच, क्रिम्प नीट बसलेला नसतो किंवा एका कंपनीचा मेल आणि दुसऱ्या कंपनीचा फीमेल जोडलेला असतो. दाबला की टक वाजतो, लोकांना वाटतं बसला, आत गरम होत राहतो.

आता काम आहे का, तर आहे. पीएम सूर्यघर ही घराच्या छतावरच्या सोलरची केंद्राची योजना 2024 ला आली, 3 किलोवॅटला 78 हजार सबसिडी, तेव्हापासून आमच्या लाइनीत माणसं कमी पडतात. पण मी तर म्हणेन बहिणीला इन्स्टॉलेशनपेक्षा सर्व्हिसमध्ये घाला. सूर्यघर असो की कृषी पंप, बसवणाऱ्याला 5 वर्षं मेंटेनन्स बघावाच लागतो, आणि तिथेच सगळ्यांची बोंब आहे. प्लेट बसवायला दोन दिवस लागतात, तक्रारी पाच वर्षं येतात. तालुक्यात एक माणूस हवा ज्याला मल्टिमीटर वापरता येतो, अर्थिंग मोजता येतं, कंट्रोलरचा एरर कोड वाचता येतो आणि शेतकऱ्याशी नीट बोलता येतं. गावातलीच मुलगी असेल तर आमचा पुण्याहून माणूस पाठवायचा खर्च वाचतो.

सूर्यघरच्या पोर्टलवर नोंदणी असलेल्या व्हेंडरची, म्हणजे सोलर बसवणाऱ्यांची, यादी जिल्ह्याप्रमाणे बघता येते. धाराशिव, बीड, सोलापूर तिन्ही काढा आणि फोन करा, "प्लेसमेंट आहे का" असं विचारू नका, "तुमच्या पंपांच्या तक्रारी वाशी-भूम भागात कोण बघतं" असं विचारा. लगेच कळेल.

जुना_निदेशक:
आयटीआयमध्ये शिकवलंय म्हणून लिहितो. सूर्यमित्र 2015 पासून आहे, केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचं, राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेमार्फत चालतं. साधारण 600 तासांचं, तीन महिने, निवासी, आणि उमेदवाराकडून फी घ्यायची नाही असाच नियम आहे. दहावी अधिक आयटीआय इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर वगैरे चालतं, ग्रामीण भागातल्या बेरोजगार मुलामुलींना प्राधान्य. तुमची बहीण अगदी चपखल बसते. (इंजिनिअरिंगची डिग्री असलेल्यांना घेत नाहीत, म्हणजे हे खास तिच्यासारख्यांसाठीच आहे.) बॅच मात्र सगळीकडे कायम चालू नसते, केंद्राला फोन करून पुढची बॅच कधी आणि मुलींचं हॉस्टेल वेगळं आहे का, वॉर्डन आहे का हे विचारून घ्या. कुणी सूर्यमित्रच्या नावाने पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा.

खाजगी क्लासचं सर्टिफिकेट बघताना स्किल कौन्सिल फॉर ग्रीन जॉब्सचं (सोलरसारख्या कामांच्या कौशल्याची मान्यताप्राप्त संस्था) आहे का ते बघायचं. नुसता रंगीत कागद असेल तर त्याला काही किंमत नाही.

पण माझं खरं मत वेगळं आहे. आधी अप्रेंटिसशिप करू द्या. इलेक्ट्रिशियन ट्रेडला आयटीआय झाल्यावर साधारण वर्षाची असते, करार सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदला जातो, दरमहा विद्यावेतन मिळतं आणि शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारीचं प्रमाणपत्र मिळतं, ते पुढे भरतीत उपयोगी पडतं. जिल्ह्याच्या बीटीआरआय ऑफिसला (अप्रेंटिसशिपचं काम बघणारं सरकारी ऑफिस) जाऊन महावितरणच्या आणि सोलर कंपन्यांच्या जागा दोन्ही विचारा. कराराचा नंबर मिळाल्याशिवाय एक दिवसही कामाला पाठवू नका, "ट्रेनी" म्हणून वर्षभर राबवून घेतात आणि कुठे नोंदच नसते.

युवा कार्य प्रशिक्षणबद्दल, ते वाईट नाही. आधी 6 महिने होतं, 2025 मध्ये 11 केलं. पण त्याचा लाभ एकदाच घेता येतो आणि नंतर तिथे कायम करतील असं त्यात कुठेही नाही. म्हणून ती एक संधी फायलींवर घालवण्याआधी नगरपालिकेचा विद्युत विभाग, पाणीपुरवठा अशा ठिकाणी जागा निघाली आहे का ते महास्वयंम या सरकारी रोजगार पोर्टलवर बघा. घरात पैशांची फारच ओढाताण असेल तर मात्र आहे ते घ्या, त्यात कमीपणा नाही.

लातूरची:
दादा, मी मुलगी म्हणून लिहिते, कारण वरच्यांनी सगळं सांगितलं पण वडिलांच्या काळजीचं राहिलं.

मी आधी रूफटॉपच्या टीममध्ये होते, आता एका सोलर प्लांटवर मेंटेनन्सला आहे. रूफटॉपला एक प्लेट 27-28 किलोची असते, दोघांनी धरायची असते, जिन्यावरून वर न्यायची, वारा असला की ती पतंगासारखी ओढते. होतं सगळं, मी केलंय, पण हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) आणि लाइफलाइन (तो अडकवायचा दोर) नसेल तर चढायचं नाही म्हणजे नाही. मी ज्या पहिल्या ठिकाणी होते तिथे हार्नेस गाडीत असायचा, फोटो काढायच्या वेळी बाहेर यायचा. मी सोडलं ते.

प्लांटवरचं काम वेगळं. सकाळी लवकर प्लेटा धुतात कारण तापलेल्या काचेवर गार पाणी गेलं तर तडकायची भीती, मग इन्व्हर्टरचे आकडे, क्लॅम्प मीटरने (वायरीभोवती लावून करंट मोजायचं मीटर) एकेका स्ट्रिंगचा करंट बघायचा, ज्याचा कमी येतो तिथे जाऊन शोधायचं. यात मुलगी-मुलगा काही नाही, चिकाटी लागते. राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी 2.0 (शेतीला सोलरची वीज द्यायची योजना) मधून गावागावाजवळ लहान प्लांट होतायत, पहिला वैजापूर तालुक्यात धोंदलगावला 3 मेगावॅटचा झाला, तसा तुमच्या जवळ कुठे असेल तर घरून जाऊन येऊन करता येईल.

जॉइन करण्याआधी विचारा: साइटवर टॉयलेट आहे का, अंधार पडल्यावर घरी कोण सोडणार, टीममध्ये अजून एखादी बाई आहे का, अपघात विमा आहे का, पीएफ कापतात का. हे विचारलं म्हणून कुणी चिडलं तर ती जागा आपली नाही. आणि पहिल्या दिवशी वडिलांना सोबत घेऊन जा, माझे वडील आले होते, साइट बघितली, साहेबांशी बोलले, परत जाताना निवांत होते.

पवनचक्कीचं मला एवढंच माहीत आहे की टॉवर शंभर मीटर किंवा त्याहून उंच, शिडीवर चढायचं, मेडिकल कडक असतं आणि उंचीवरच्या कामाचं वेगळं ट्रेनिंग लागतं. ते आपल्या पैशाने करू नका, कंपनीने घेतलं तर कंपनी करून घेते.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ताच तिला फोनवर सगळं वाचून दाखवलं, लातूरच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. क्लास रद्द. सोमवारी ती आणि वडील बीटीआरआय ऑफिसला जातायत, मी तोवर इथून व्हेंडरची यादी काढून फोन करतो, आणि सूर्यमित्रच्या बॅचची पण चौकशी चालू ठेवतो. ऑफिसच्या जागेला तूर्तास थांबतो.

एक शेवटचं, पुढे स्वतः गावात सर्व्हिसची कामं घ्यायची म्हटली तर वायरमनचा परवाना लागेल ना? तो कुठे मिळतो?

साइटवाला:
घराच्या वायरिंगला, मीटरच्या बाजूच्या कामाला परवाना हवाच. विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात चौकशी करा, आयटीआयचं आणि अप्रेंटिसशिपचं सर्टिफिकेट दोन्ही सोबत ठेवा. आणि बहिणीला सांगा, त्या जळलेल्या कनेक्टरचा फोटो डिलीट करू नको. व्हेंडरकडे गेली की बायोडेटाच्या आधी तो दाखव.