नाताळात लंडन–न्यूयॉर्क: डब्लिनमार्गे दोन तिकिटं काढावीत का?

बाणकोटी:
नाताळात लंडनहून न्यू जर्सीला बहिणीकडे जायचं म्हटलं की भाडं बघूनच पोटात गोळा येतो. माझं मत स्पष्ट आहे, थेट विमानाचा हट्ट सोडा. लंडन–डब्लिन एक तिकीट, डब्लिन–न्यूयॉर्क दुसरं. ब्रिटनमधून निघणाऱ्या प्रवाशावर सरकार कर लावतं. अमेरिकेसाठी इकॉनॉमीत तो एप्रिल २०२५ च्या दराने माणशी ९० पौंड. आयर्लंडने असा कर २०१४ मध्येच काढून टाकला. मात्र सगळा प्रवास एकाच तिकिटावर केला तर डब्लिनमार्गे जाऊनही न्यूयॉर्कपर्यंतचाच कर बसतो, म्हणून तिकिटं वेगळी हवीत. शिवाय अमेरिकेचं इमिग्रेशन डब्लिनलाच उरकतं. तिकडे उतरलात की बॅग घेऊन सरळ बाहेर.

हिशेबी:
चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! त्याच एप्रिल २०२५ च्या दराने डब्लिनलाही १३ पौंड कर आहेच, म्हणजे वाचले ७७. त्यातून डब्लिनचं भाडं आणि त्या विमानातले बॅगेचे पैसे वजा करा. डिसेंबरात धुकं पडलं, लंडनचं विमान रखडलं, की पुढचं गेलं. एकच तिकीट असतं तर पुढच्या विमानात बसवणं कंपनीला भाग होतं. वेगळ्या तिकिटावर तुम्ही फक्त 'न आलेला प्रवासी', आणि बहुतेक कंपन्या मग परतीचं तिकीटही रद्द करतात. बसा नाताळभर डब्लिनच्या बाकड्यावर.

सदाशिव_पेठ_ते_स्लाव:
बाणकोटीसाहेब, तुमच्या खिशात पासपोर्ट कुठला? वेगळ्या तिकिटांवर डब्लिनला बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायचं म्हणजे रीतसर आयर्लंडमध्ये शिरणं आलं. भारतीय पासपोर्टवर त्याला व्हिसा लागतो, ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना तिथे चालत नाही. हे न सांगता असा सल्ला देऊ नये.

बाणकोटी:
आमचे ब्रिटिश पासपोर्ट आहेत. ज्यांचे नाहीत त्यांनी या वाटेला जाऊ नये, हे खरंच. धुक्याचं म्हणाल तर आदल्या संध्याकाळी डब्लिन गाठायचं.

हिशेबी:
आणि हॉटेलचं बिल कोण भरणार, बहीण?

दोन_पोरांची_आई:
एक राहिलं. १६ वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत हा कर लागतच नाही. चौघांच्या कुटुंबात वाचतात ते फक्त आम्हा दोघांचे, आणि त्यासाठी झोपाळलेली पोरं नि चार बॅगा घेऊन विमानतळावर दोनदा चेक-इन? तेवढ्या पैशांत मी थेट जाते.

चार्ल्सकाठचा:
सगळे कराला धरून बसलात. भाडं चढतं ते शाळांच्या सुट्टीमुळे. दोन-तीन दिवस मागेपुढे होता आलं, किंवा ऐन २५ डिसेंबरला उडायची तयारी असली, तर बहुधा कर वाचवण्यापेक्षा जास्त हाती लागतं. आम्ही बॉस्टनवाले थँक्सगिव्हिंगला, म्हणजे नोव्हेंबरातल्या अमेरिकी सणाला, युरोपात जातो. त्या आठवड्यात अख्खी अमेरिका देशातल्या देशात फिरत असते आणि तिकडे सुट्टी नसते. आणखी एक, अमेरिकेला जाणारं-येणारं तिकीट कंपनीकडूनच, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी घेतलं तर २४ तासांत फुकट रद्द करता येतं. दर दिसला की घ्या, घरच्यांना मग विचारा.

बाणकोटी:
२५ ला उडायचं तर बहिणीकडचं जेवण आम्ही विमानात जेवायचं का? स्वस्तात नेणाऱ्या नव्या कंपन्या टिकल्या असत्या तर ही कसरतच नको होती. वॉव मार्च २०१९ मध्ये बुडाली, नॉर्वेजियनने २०२१ मध्ये लांबचा पल्ला सोडला, प्ले सप्टेंबर २०२५ मध्ये बंद. उरलेल्या बड्यांनी आपसात करार करून बाजार वाटून घेतलाय.

हिशेबी:
इथे मात्र तुमच्याशी सहमत. म्हणून तिकीट कंपनीकडून थेट आणि क्रेडिट कार्डावरच काढा. ब्रिटनमध्ये १०० पौंडांवरच्या खरेदीत कंपनी बुडाली तर कार्डवाल्या बँकेकडे पैसे मागता येतात. डेबिट कार्डाला कायद्याचं ते संरक्षण नाही. आणि तुमच्या त्या दोन तिकिटांपैकी डब्लिनचं शंभराच्या आत बसत असेल, तर त्यालाही ते संरक्षण नाही.