बाबांची दुपारची गोळी लागूच पडत नाही, आजार वाढला की आमचंच काही चुकतंय?

धाकटी लेक
बाबा ७१ वर्षांचे आहेत, पार्किन्सन्स निघून ८ वर्षं झाली. लेवोडोपा-कार्बिडोपाची १००/२५ ची गोळी दिवसातून ३ वेळा आहे, सकाळी ८, दुपारी २, रात्री ८, आणि तिन्ही वेळा पोटभर खाल्ल्यावर, कारण सुरुवातीला मळमळायचं म्हणून तसं सांगितलेलं आणि आम्ही ते अजून इमानेइतबारे पाळतोय. पहिली काही वर्षं छान गेली. आता सकाळची गोळी लागते, ११-११.३० पर्यंत माणूस एकदम ठीक असतो, पेपर वाचतात, शर्टाची बटणं स्वतः लावतात, आणि मग साडेबारापासून जे काही सुरू होतं ते बघवत नाही. खुर्चीतून उठता येत नाही, पाय फरशीला चिकटल्यासारखे, आवाज इतका खोल जातो की काय म्हणतायत ते कळत नाही म्हणून मीच चिडते आणि मग मलाच वाईट वाटतं. २ ची गोळी कधी दीड तासाने लागते, कधी लागतच नाही.

त्यात दीड महिन्यापूर्वी उलट्या होत होत्या तेव्हा नेहमीचे डॉक्टर नव्हते म्हणून दुसरीकडे दाखवलं, तिथे मळमळीची गोळी दिली ती अजून चालू आहे. तेव्हापासून जास्तच आखडलेत असं मला वाटतं, योगायोगही असेल. पोट चार-चार दिवस साफ होत नाही. रात्री झोपेत ओरडतात, लाथा मारतात, आईला एकदा चांगलीच लागली. आई म्हणते आजार वाढला, आता असंच चालणार. अपॉइंटमेंट ३ आठवड्यांनी आहे आणि तिथे दहा मिनिटं मिळतात. काय विचारू?

शुभंकर बायको
बाकी सगळं नंतर, आधी त्या मळमळीच्या गोळीचं नाव बघ. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात औषधाचं नाव असतं, कंपनीचं नाव नको. मेटोक्लोप्रमाइड किंवा प्रोक्लोरपेराझिन असेल तर ३ आठवडे थांबू नकोस, आजच तुमच्या न्यूरॉलॉजिस्टच्या दवाखान्यात फोन कर.

धाकटी लेक
मेटोक्लोप्रमाइड आहे. दिवसातून ३ वेळा. काय असतं त्यात?

शुभंकर बायको
लेवोडोपाचं मेंदूत डोपामिन होतं, हालचालीला लागणारं रसायन, आणि ते जिथे जाऊन बसायला पाहिजे ती जागाच हे औषध अडवतं. म्हणजे एका हाताने तुम्ही डोपामिन भरताय आणि दुसऱ्या हाताने दार लावून घेताय. पार्किन्सन्स नसलेल्या माणसालासुद्धा याने कंप आणि ताठरपणा येऊ शकतो, तर आपल्या माणसाचं काय होणार. देणाऱ्याने मुद्दाम नाही दिलं, उलटीवर ते सर्रास देतात, पण आधीच्या गोळ्यांची यादी कुणी विचारली नाही आणि तुम्हीही दाखवली नसणार. मी शुभंकर, म्हणजे पेशंटची काळजी घेणारी, आमच्याकडे हेच हॅलोपेरिडॉलच्या बाबतीत झालं, ऑपरेशननंतर हे रात्री भ्रमात बडबडायला लागले म्हणून इंजेक्शन दिलं आणि पुढचे कितीतरी दिवस माणूस लाकडासारखा. तेव्हापासून यांच्या पाकिटात एक चिठ्ठी असते, कुठली औषधं चालू आहेत, कुठली अजिबात द्यायची नाहीत. मळमळीला डोम्पेरिडोन बऱ्याचदा चालतं कारण ते मेंदूत फारसं शिरत नाही, पण त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात म्हणून ईसीजी बघून डॉक्टरच ठरवतील. आणि एक, मेटोक्लोप्रमाइड बंद केलं म्हणून दुसऱ्या दिवशी बाबा पळायला लागणार नाहीत, असर उतरायला काही आठवडेही लागतात. धीर सोडू नका.

अकरा वर्षं पेशंट
अगं लेकी, मी स्वतः पेशंट आहे, त्यामुळे आतून काय होतं ते सांगतो. साडेबाराला बाबांचं जे होतं त्याला वेअरिंग ऑफ म्हणतात, गोळी उतरते. लेवोडोपा रक्तात फार टिकत नाही, साधारण दीड तासात निम्मी होते. पहिल्या वर्षांत हे जाणवत नाही कारण मेंदूतल्या शिल्लक पेशी डोपामिन साठवून ठेवतात आणि हळूहळू वापरतात, घरात पाण्याची टाकी असली की नळ गेला तरी कळत नाही तसं. पुढे टाकी लहान होत जाते आणि मग गोळी चढली की आपण चढतो, गोळी उतरली की आपण उतरतो. तेव्हा आईचं म्हणणं अर्धं खरं आहे, आजार पुढे सरकलाय, पण "आता असंच चालणार" हे खरं नाही. तुमच्या दोन गोळ्यांमध्ये ६ तासांचं अंतर आहे, ते ८ वर्षांनंतर बहुतेकांना पुरत नाही.

आता दुपारची गोळी का लागत नाही. लेवोडोपा हे मुळात अमिनो आम्लच, आणि आतड्यातून रक्तात आणि रक्तातून मेंदूत जायला ते ज्या वाटेने जातं त्याच वाटेने जेवणातल्या प्रथिनांची अमिनो आम्लं पण जातात. भरल्या पोटी घेतली की गोळी रांगेत मागे उभी. म्हणून जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यायची. सुरुवातीला मळमळ होते म्हणून खाऊन घ्यायला सांगतात ते बरोबरच असतं, पण पुढे ती सूचना बदलायची राहून जाते, माझी ४ वर्षं राहिली होती! रिकाम्या पोटी मळमळलंच तर एखादं साधं बिस्कीट चालतं, त्यात प्रथिनं फार नसतात. प्रथिनं बंद मात्र करू नका हं, वजन आणि स्नायू दोन्ही जातात, त्यांची वेळ फक्त बदलायची. लोहाची गोळी चालू असेल तर तीही दोन तास लांब ठेवा, लोह लेवोडोपाला धरून बसतं.

आणि पोट. हा आजार १८१७ मध्ये जेम्स पार्किन्सनने पहिल्यांदा नीट लिहून ठेवला, त्यातसुद्धा बद्धकोष्ठाचा उल्लेख आहे, आपण मात्र ती किरकोळ तक्रार समजतो. गोळी आतड्यात पोचल्याशिवाय शोषली जात नाही, आणि सगळा कारभारच मंद असला तर ती पोटात पडून राहते. पाणी, चोथा, चालणं आणि तरी नाही झालं तर मॅक्रोगोलसारखं औषध डॉक्टरांना विचारून. माझ्या दुपारच्या गोळीचा अर्धा प्रश्न पोट सुधारल्यावर सुटला, खोटं नाही सांगत.

डायरी ठेवा. दर तासाला एकच शब्द: चालू, बंद किंवा वळवळ. वळवळ म्हणजे डिस्कायनेशिया, आणि इथे घरचे चुकतात. कंप ठरावीक लयीत असतो आणि बहुतेक हात स्वस्थ असताना येतो, वळवळ लय नसलेली, अंग झुलतं, मान फिरते, आणि बरेचदा गोळी ऐन भरात असताना येते. माझी बायको वळवळीला कंप समजून डॉक्टरांना "कंप वाढलाय" सांगायची, डॉक्टरांनी डोस वाढवला, मी अजून झुलायला लागलो. एकाला औषध कमी पडतंय, दुसऱ्याला जास्त होतंय, उपाय बरोबर उलटे. फोनवर व्हिडिओ काढून न्या, दहा मिनिटांत डॉक्टरांना जे कळत नाही ते तीस सेकंदांच्या व्हिडिओत कळतं.

डॉक्टर काय करू शकतील: तीनाऐवजी चार-पाच वेळा गोळी, किंवा सोबत एन्टाकॅपोन, त्याने लेवोडोपा जास्त वेळ टिकते (लघवी नारिंगी-तपकिरी होते, घाबरू नका, मी रक्त समजून घर डोक्यावर घेतलं होतं), किंवा मेंदूतलं डोपामिन लवकर तुटू न देणारं रासाजिलिन, साफिनामाइड यातलं काही. यातलं मनाने काहीही नको. लेवोडोपा अचानक बंद तर कधीच नको, ताप चढून, अंग ताठ होऊन जिवावर बेततं.

हिरवा_पाला
खाजकुइलीच्या बियांची पावडर द्या, नैसर्गिक लेवोडोपा आहे, साइड इफेक्ट नाही. गोळ्यांच्या मागे कशाला लागता.

शुभंकर बायको
खाजकुइलीत लेवोडोपा असते हे खरं आहे, आणि म्हणूनच गोळीवर ती परस्पर द्यायची नाही. चमच्यात किती गेली ते कुणाला माहीत? जास्त झाली तर वळवळ, भ्रम, बीपी कोसळणं सगळं तेच. लेवोडोपा ती लेवोडोपा, झाडातून आली म्हणून तिला लाज वाटत नाही.

मधली_बहीण
एक गोष्ट कुणी बोलत नाही म्हणून लिहितेय. डॉक्टरांनी प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल (डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्या) जोडलं तर घरच्यांनी डोळे उघडे ठेवा. माझ्या भावाला त्यातलं एक चालू होतं, हालचाल सुधारली म्हणून आम्ही खुश, आणि वर्षभराने कळलं की तो रात्रभर फोनवर जुगार खेळत होता, आयुष्यात कधी पत्ता न उचललेला माणूस. आम्ही त्याला काय काय बोललो ते आठवलं तरी आता नको वाटतं. औषधाने होतं हे, जुगार, खरेदी, सतत खाणं, लैंगिक इच्छा बेसुमार वाढणं, आणि पेशंट लाजेने सांगत नाही. डॉक्टरांनी डोस हळूहळू उतरवला, एकदम बंद केला असता तर त्याचा वेगळा त्रास असतो, आणि सवय सुटली. याच गोळ्यांनी दिवसा अचानक झोपही लागते, गाडी चालवत असतील तर आधी सांगा.

चालते_पाय
फिजिओथेरपिस्ट आहे, थोडक्यात. पाय चिकटला की हात धरून ओढू नका, पडतात. थांबा, वजन एका पायावरून दुसऱ्यावर हलवायला सांगा, मग "एक दोन" मोजत मोठं पाऊल. फरशीवर रंगीत चिकटपट्टीच्या आडव्या रेघा मारल्या तर रेघ ओलांडायला पाय उचलतो, साधा चालायचा हुकूम पायाला पोचत नाही पण ओलांडायचा पोचतो. गोळी ऐन भरात असतानाही पाय चिकटतात का तेही डायरीत लिहा, डॉक्टरांना उपयोगी पडेल. बीपी झोपून आणि उभं राहून ३ मिनिटांच्या आत मोजा, वरचा आकडा २० ने पडत असेल तर सांगा. झोपेतल्या लाथा म्हणजे स्वप्न अंगाने जगणं, या आजारात होतं, मेलाटोनिन किंवा क्लोनाझेपामने बऱ्याच जणांना फरक पडतो. तोवर पलंगाजवळचं टोकदार सामान काढा आणि आईंना वेगळं झोपू दे.

धाकटी लेक
१८ दिवसांनी लिहितेय, उशिराबद्दल सॉरी. फोन केला त्याच दिवशी डॉक्टरांनी मेटोक्लोप्रमाइड थांबवायला सांगितलं आणि गोळ्या जेवणाआधी अर्धा तास, ७, ११, ३ आणि ७ अशा चार केल्या, बाकी अपॉइंटमेंटला बघू म्हणाले. पहिला आठवडा काही फरक नाही, आई म्हणाली बघ मी सांगत होते. आता दुपारचं बंद पडणं रोजचं राहिलं नाही, आठवड्यात दोन-तीनदा होतं, त्यातले बहुतेक दिवस पोट साफ न झालेले, डायरीत स्पष्ट दिसतंय. आवाज अजून खोलच आहे. काका, एक विचारायचं होतं, सकाळी ७ ला उठून गोळी घेतात पण पावणेआठपर्यंत पलंगावरून हलता येत नाही, तो वेळ फार वाईट जातो त्यांचा.

अकरा वर्षं पेशंट
माझी पहिली गोळी आणि पाण्याचा पेला रात्रीच उशाशी ठेवलेला असतो. ६ चा गजर, गोळी घेतो, परत पडतो, ७ ला उठतो. बाबांची वेळ तासभर आधी आणली तर पुढच्या तीन गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना विचार. आणि डिस्पर्सिबल म्हणजे पाण्यात विरघळणारी लेवोडोपा मिळते का तेही विचार, ती लवकर चढते.

धाकटी लेक
विचारते. व्हिडिओ तीन काढलेत, त्यातल्या एकात बाबा मला फोन बंद कर म्हणून ओरडतायत, तोही दाखवणार आहे, आवाज किती निघतो ते कळेल.